पायाचं बोट काळं पडलंय? कापण्याआधी रक्तपुरवठा मोजायला सांगा

सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत हे वाक्य हल्ली वरचेवर ऐकू येतं : "बोट काळं पडलं म्हणून दाखवायला आलो, तर डॉक्टर म्हणतात पायाची अँजिओग्राफी करा." नातेवाइकांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. अँजिओग्राफी तर हृदयाची असते, मग पायाला कशाला? बोट खराब झालंय, तेवढं काढून टाका आणि घरी सोडा.

या घाईत अनेकांचा पाय जातो. आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. प्रत्येक वेळी घरच्यांना वाटतं, आता थांबेल. पण कापलेली जागा भरून यायला रक्त लागतं, आणि तेच तिथे पोहोचत नसेल तर नवी जखम जुन्या जखमेच्याच वाटेने जाते. म्हणून कापायचा निर्णय होण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा : या पायात रक्त कुठपर्यंत पोहोचतंय, हे कुणी मोजलंय का?

पायात रक्त कसं पोहोचतं

हृदयातून निघालेली मुख्य धमनी, म्हणजे शुद्ध रक्त वाहून नेणारी मोठी वाहिनी, बेंबीच्या पातळीला दुभंगते आणि दोन्ही पायांकडे एकेक फाटा जातो. तो फाटा जांघेतून मांडीत उतरतो, गुडघ्याच्या मागून पुढे जातो आणि गुडघ्याखाली त्याच्या तीन बारीक धमन्या होतात. पावलापर्यंत रक्त पोहोचवतात त्या या तीन.

कृष्णाकाठी उसाला पाटाने पाणी देणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाटात मध्ये कुठे गाळ साचला, तर सगळ्यात आधी वाळते ती शेवटची सरी. तिथला ऊस पिवळा पडला म्हणून तो कापून टाकला तर पाणी येत नाही. पुढच्या वेळी त्याच्या अलीकडची सरी वाळते. पायाचं बोट ही शरीराची शेवटची सरी आहे. दोष बोटात दिसतो, पण अडथळा मांडीत असू शकतो, गुडघ्यामागे असू शकतो किंवा पोटरीतल्या त्या तीन धमन्यांत.

हा गाळ म्हणजे चरबी, चुना आणि दाह यांचा धमनीच्या भिंतीत साचलेला थर. हृदयाच्या धमन्यांत साचतो तोच. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि वय ही त्याची मुख्य कारणं. मधुमेहात तो बहुधा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांना धरतो. तंबाखू ओढणाऱ्यांत जांघेतल्या आणि मांडीतल्या मोठ्या धमन्या जास्त बंद होतात. आपल्याकडे पुष्कळांना दोन्ही असतं, त्यामुळे दोन्ही ठिकाणी अडथळे सापडतात.

पाय आधी सांगत असतो, आपण वात म्हणतो

बोट एका रात्रीत काळं पडत नाही. त्याआधी अनेकदा महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं, पाय खुणा देत असतो.

पहिली खूण चालताना कळते. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी दुखते. दोन-चार मिनिटं थांबलं की दुखणं जातं. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतं. अजिंक्यताऱ्याच्या चढाला हे आधी जाणवतं, सपाटीवर नंतर. लोणंद-फलटणच्या रस्त्याने वारीत चालणारी कितीतरी वयस्क माणसं अशी थांबत थांबत चालताना दिसतात. ते सगळंच वयाचं किंवा दमण्याचं असतं असं नाही.

घरात याला वात, सांधेदुखी किंवा मणक्याचा त्रास म्हटलं जातं. मणक्यात नस दबल्यानेही चालताना पाय दुखतात, त्यामुळे गल्लत होते. फरक साधा आहे. रक्त कमी पडल्याने दुखत असेल तर नुसतं उभं राहूनही आराम पडतो. मणक्याचं दुखणं असेल तर सहसा बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं, तेव्हा बरं वाटतं.

दुसरी खूण रात्रीची, आणि ती जास्त गंभीर. आडवं झालं की पाऊल आणि बोटं ठणकतात, झोप लागत नाही. पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं, कारण स्वतःच्या वजनाने थोडं रक्त खाली उतरतं. कित्येक रुग्ण खुर्चीत बसून रात्र काढतात. लोंबता ठेवलेला पाय लालसर दिसतो आणि घरच्यांना वाटतं, रक्त तर चांगलं खेळतंय. तोच पाय उशीवर उंच ठेवून मिनिटभराने पाहा. तळवा पांढराफटक पडला, तर तो लाल रंग फसवा होता. या पायरीला आलेल्या माणसाला पुढच्या महिन्याची तारीख घेऊन चालत नाही.

मधुमेह्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायाची संवेदना गेलेली असते, त्यामुळे या दोन्ही खुणा मिळतीलच असं नाही. शेतात अनवाणी फिरताना रुतलेला काटा, नव्या चपलेने केलेला फोड, नख कापताना झालेली चीर, यातलं काहीच दुखत नाही. पहिली खूण थेट न भरणारी जखमच असते.

आणि अशा पायाला शेक देणं धोक्याचं. पाणी किती गरम आहे हे त्या पायाला कळत नाही, आणि भाजलेली कातडी भरून यायला लागणारं रक्त तिथे नसतं. हळदीचा लेप, चुना, तेलाचं मालिश यांचंही तेच. हळदीच्या या मुलखात जखमेला हळद लावू नका म्हणणं अनेकांना रुचणार नाही, पण रक्त न पोहोचणाऱ्या जखमेवर वरून काहीही लावलं तरी ती भरत नाही. मधले आठवडे फुकट जातात आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग खोलवर शिरतो.

रक्तपुरवठा मोजतात कसा

सुरुवात हाताच्या बोटांनी होते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, एक नाडी लागते. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडामागे. डॉक्टरांनी पायातला मोजा काढायला लावून या दोन नाड्या पाहिल्या का, एवढ्यावर नजर ठेवा. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी हाताला लागत नाही, त्यामुळे घरी स्वतः शोधून ती सापडली नाही तर लगेच घाबरू नका.

पुढची चाचणी म्हणजे एबीआय. घोट्यापाशी रक्तदाब मोजायचा, दंडावर मोजायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. दंडावर वरचा आकडा १४० आणि घोट्यावर ७० आला, तर उत्तर ०.५. निरोगी पायात ते १ च्या आसपास किंवा थोडं वर असतं. ०.९ किंवा त्याखाली आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात, आणि ०.४ च्या खाली म्हणजे परिस्थिती बिकट. सुई नाही, औषध नाही, कापणं नाही. लागतो तो रक्तदाबाचा पट्टा आणि हातात मावणारं डॉपलर यंत्र, ज्यातून रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकू येतो.

जुन्या मधुमेह्यांत या चाचणीला मर्यादा आहे. त्यांच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि आकडा खोटा चांगला येतो, कधी १.४ च्या वरही. त्यामुळे मधुमेह्याच्या पायाला जखम आहे आणि एबीआय उत्तम आलाय, तर समाधान मानू नये. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजता येतो. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरखाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी.

मग येते रंगीत डॉपलर सोनोग्राफी. अडथळा कुठे आणि किती आहे, हे त्यात बऱ्यापैकी कळतं. अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत औषध सोडून क्ष-किरणांत तिचं चित्र पाहणं, सरसकट सगळ्यांची करत नाहीत. पाय वाचवण्यासाठी काहीतरी करायचं ठरलं, की नेमकं कुठे आणि कसं करायचं याचा नकाशा म्हणून ती करतात. तिच्यातल्या औषधाचा किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय हे सांगणारा रक्तातला घटक, तपासतात. किडनी आधीच कमजोर असेल तर ते औषध कमीत कमी वापरता येतं, आणि काही केंद्रांत त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. किडनीच्या आजाराचे कागद घरी ठेवून दवाखान्यात जाऊ नका.

अँजिओप्लास्टी पायाचीच, हृदयाची नंतर

पायाची अँजिओप्लास्टी हे नवं खूळ आहे असा संशय अनेकांना येतो. इतिहास उलटा आहे. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँगरीन झालं होतं, म्हणजे रक्त न पोहोचल्याने मांस मरू लागलं होतं. पाय कापायचा सल्ला त्यांनी साफ नाकारला. चार्ल्स डॉटर या क्ष-किरण तज्ज्ञाने त्यांच्या मांडीतल्या अरुंद झालेल्या धमनीत बारीक तार घातली आणि तिच्यावरून एकाहून एक जाड नळ्या सरकवून वाट मोकळी केली. पाय उबदार झाला, वेदना गेली आणि पाय वाचला. जगातली ही पहिली अँजिओप्लास्टी. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला तो १९७७ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी.

बायपासचंही तसंच. पॅरिसमध्ये झाँ कुनलँ यांनी पायातलीच शीर काढून मांडीतल्या बंद धमनीला वळसा घालणारा मार्ग जोडला तो १९४८ मध्ये. हृदयाची बायपास रूढ करणारे रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँडला ते काम सुरू केलं १९६७ मध्ये. आज हृदयासाठी सर्वांना परिचित असलेल्या या दोन्ही युक्त्या आधी पाय वाचवण्यासाठी वापरल्या गेल्या.

फुगा की बायपास?

फुगा घालताना सहसा जांघेत तेवढी जागा बधिर करून धमनीत सुई घालतात, तिच्यातून तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि फुगा फुगवून वाट रुंद करतात. गरज पडली तर स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवतात. माणूस जागा असतो, बहुतेकदा एक-दोन दिवसांत घरी जातो.

बायपासमध्ये कंबरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन, अडथळ्याच्या वरून खालपर्यंत नवी वाहिनी जोडतात. त्यासाठी सगळ्यात चांगली ठरते ती पायातली स्वतःची लांब शीर. ती नसेल किंवा खराब असेल तर कृत्रिम नळी वापरतात. गुडघ्याखाली ती शिरेइतकी टिकत नाही.

कुठलं चांगलं, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही आणि ते लपवायचं कारण नाही. पाय धोक्यात असलेल्या १,८३० रुग्णांवरचा बेस्ट-सीएलआय नावाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पायातली शीर चांगली असेल तर आधी बायपास केलेल्यांचं जास्त बरं झालं, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी आलेल्या बेसिल-२ या ब्रिटनमधल्या लहान अभ्यासात, गुडघ्याखालच्या आजारात आधी फुगा घातलेल्यांचं जास्त बरं झालं. म्हणून "आमच्याकडे फक्त फुगाच घालतात" किंवा "फक्त बायपासच करतात" असं उत्तर मिळालं, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं असं मला वाटतं. शीर कशी आहे, अडथळा किती लांब आहे, पावलातली धमनी उघडी आहे का आणि माणसाला मोठं ऑपरेशन झेपेल का, हे चारही बघून ठरवायची ही गोष्ट आहे.

"पण फुगा घातला तरी पुन्हा बंद होतं ना?"

होतं, आणि गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत तर बऱ्याचदा होतं. तरीही पैसे वाया गेले असं नाही. जखम भरून येण्यासाठी जितकं रक्त लागतं, त्याहून खूप कमी रक्तावर भरलेली, अखंड कातडी तग धरते. धमनी काही महिने जरी उघडी राहिली आणि तेवढ्यात जखम भरली, तर पुढे ती पुन्हा अरुंद झाली तरी पाय अनेकदा टिकतो. म्हणूनच फुगा घातल्यावर मलमपट्टी, साखरेवर ताबा आणि पायावर भार न देणं हे ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं. तो काळ पुन्हा मिळत नाही.

"वय झालंय, हृदयही कमजोर आहे. कशाला त्रास द्यायचा?"

फुगा भूल न देताही घालता येत असल्याने निव्वळ वयामुळे कुणाला नाकारायचं कारण नाही. हृदयाची तपासणी मात्र टाळू नये. पायाच्या धमन्या बंद झालेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा तशाच असतात, आणि अशा रुग्णांच्या जिवाला पायापेक्षा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका मोठा असतो. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन या गोळ्या डॉक्टर कायमच्या देतात त्या यासाठी. पाय बरा झाला म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

कापणंच योग्य ठरतं अशा वेळाही असतात, हे स्पष्ट सांगायला हवं. गँगरीन कोरडं असेल, बोट वाळून काळं झालंय पण पू नाही, ताप नाही, तर आधी रक्तपुरवठा सुधारून मग मेलेला भाग काढायला सवड असते. ओलं असेल, म्हणजे सूज, पू, दुर्गंधी आणि ताप असेल, तर संसर्ग रक्तात भिनून जीव जाऊ शकतो. तिथे आधी पू आणि सडलेला भाग काढावाच लागतो, त्याच दिवशी, आणि रक्तपुरवठ्याचं लगेच मागोमाग बघायचं. पूर्ण पाऊल मेलं असेल किंवा माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला असेल, तर पाय काढणं हाच दयेचा उपाय असू शकतो. तेव्हाही गुडघा वाचतोय का, हे विचारा. गुडघा असलेल्या माणसाला जयपूर फूट लावून चालणं किती तरी सोपं जातं. रक्तपुरवठा सुधारल्यामुळे मांडीतून कापण्याऐवजी गुडघ्याखालून भागलं, तरी ते मोठं यश आहे.

तिशी-चाळिशीतला पाय आणि मिश्री

मधुमेह नाही, वय ३५, आणि बोटं काळी पडू लागली. अशा वेळी डॉक्टर बर्गरचा आजार तपासतात. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तंबाखूमुळे हातापायांच्या लहान धमन्यांना सूज येते आणि त्यांत गुठळ्या होऊन त्या बंद पडतात. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत तो जास्त दिसतो. यात बायपास करायला पुढे उघडी धमनीच बऱ्याचदा उरत नाही. तंबाखू पूर्ण सोडणं हाच खरा उपचार. गँगरीन होण्याआधी ज्यांनी ती सोडली, त्यांच्यावर पाय कापायची पाळी क्वचितच येते. दिवसाला एक बिडी चालू ठेवली तरी आजार धुमसत राहतो.

तंबाखू म्हणजे फक्त बिडी-सिगारेट नव्हे. चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आली, गुटखा आला आणि मिश्रीही आली. सातारा-सांगलीच्या खेड्यांत कितीतरी आयाबाया सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर मनापासून सांगतात, मला कसलंही व्यसन नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दवाखान्यात ती आवर्जून सांगावी.

एका रात्रीत थंड पडलेला पाय

आतापर्यंत सांगितलं ते हळूहळू होणारं. एक प्रकार अचानक होतो. चांगला चालता माणूस, आणि घटकाभरात एक पाय प्रचंड दुखायला लागतो, पांढरा पडतो, दुसऱ्यापेक्षा थंडगार लागतो, मुंग्या येतात, मग बोटं हलेनाशी होतात. बहुतेकदा हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी सुटून पायाच्या धमनीत येऊन अडकलेली असते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना आणि लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्यांना हा धोका जास्त.

इथे हातात साधारण सहा तास असतात, त्यापुढे स्नायू मरायला लागतात. जत किंवा आटपाडीहून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यातच दोन-एक तास जातात, म्हणून सकाळपर्यंत वाट बघणं किंवा शेकून पाहणं परवडत नाही. निघण्याआधी फोन करून विचारा की रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन तिथे रात्री होतं का. नाहीतर एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यातच वेळ संपतो. वेळेत पोहोचलं तर रक्त पातळ करणारं हेपारिन सुरू करतात आणि जांघेत लहान छेद देऊन, टोकाला फुगा असलेल्या नळीने गुठळी ओढून काढतात. ही नळी थॉमस फोगार्टी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवली, आणि तिने असंख्य पाय वाचवले.

कुठे दाखवायचं आणि खर्च

या आजाराच्या तज्ज्ञाला व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात. काही ठिकाणी हृदय आणि छातीचे सर्जन हे काम करतात, तर फुग्याचं काम प्रशिक्षित रेडिओलॉजिस्ट किंवा हृदयरोगतज्ज्ञही करतात. असा तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला नसतो. सांगली-मिरज, कराड, कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं. पण एबीआयसाठी एवढं लांब जायची गरज नाही. जवळच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा : रुग्णालय योजनेत आहे का, आणि रक्तवाहिन्यांच्या उपचारासाठी आहे का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही, असं होऊ शकतं. हे दाखल होण्याआधी कळलेलं बरं.

पाय वाचल्यावरही फेऱ्या संपत नाहीत. बायपासच्या शिरेची ठरावीक काळाने डॉपलर करतात, कारण ती अरुंद होऊ लागलेली वेळीच कळली तर फुग्याने सांभाळता येते, आणि पूर्ण बंद पडली तर काम अवघड होतं. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालायला लागा : पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्यातून निदान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, असं तीन महिने केलं तर न दुखता चालता येणारं अंतर वाढतं. आणि त्या भेटीतच दुसऱ्या पायाचाही एबीआय काढायला सांगा. आजार सहसा दोन्ही पायांत असतो, फक्त एकाने आधी तक्रार केलेली असते.